जुन्या नाशकातला वाडा: सिमेंटच्या गिलाव्यामागे लोणा, ओल पाच फुटांवर चढली. इंजेक्शन करावं की चुना?

चौकातली_तुळस

सराफ बाजाराच्या खालच्या अंगाला, नदीपासून फार लांब नसलेला दुमजली वाडा आहे. जोतं काळ्या दगडाचं, घडीव, अडीच फुटांचं. वर चपट्या पेशवाई विटांची, मातीत रचलेली भिंत, जाडी सव्वादोन फूट. मूळ गिलावा चुन्याचा होता. वरच्या मजल्यावर तो अजून शाबूत आहे, बोटाने वाजवला तर कुठेच पोकळ लागत नाही. तळमजल्यावर २००८ च्या पुरानंतर सिमेंटचा गिलावा झाला: १:४ चा, साधारण इंचभर जाड, वर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट. त्याच वेळी जमिनीवर काँक्रीट ओतून व्हिट्रिफाइड टाइल बसवली.

आज त्या गिलाव्याला जमिनीपासून साडेचार-पाच फुटांपर्यंत फुगे आहेत. खपली काढली की मागे पांढरा लोणा (भिंतीतून बाहेर आलेले क्षार), आणि विटेचा दर्शनी थर बोटाने भुगा होतो. ओल आधी दोन-अडीच फुटांपर्यंतच असायची. पावसाळ्यात भिंत ओली दिसते, एप्रिलमध्ये कोरडी दिसते पण लोणा वाढतो. ओसरीतल्या चारपैकी दोन सागवानी खांबांचा बुंधा टोच्याने सहज आत जातो.

ठेकेदाराचा सल्ला असा: गिलावा काढा, दर सहा इंचांवर भोक पाडून केमिकल इंजेक्शन द्या, मग वॉटरप्रूफ पावडर घालून परत सिमेंट गिलावा, खांबाच्या तळाशी काँक्रीटची पेटी. मला हे पटत नाही, पण पर्याय नेमका हवा. मातीच्या दरजांच्या (विटांमधल्या सांध्यांच्या) भिंतीत इंजेक्शन चालतं का? चुन्याचं मिश्रण कोणत्या प्रमाणात घ्यावं? काम कोणत्या महिन्यात करावं? खांबांचं काय?

पाझर

इंजेक्शनचा विचार सोडा. ते द्रव्य विटेच्या आणि चुन्याच्या दरजेच्या बारीक छिद्रांतून सलग पसरलं, तरच आडवा पडदा तयार होतो. तुमच्या भिंतीत दरजा मातीच्या आहेत आणि गाभ्यात पोकळ्या असणार. द्रव्य पोकळीत सांडून जातं, पडदा जागोजागी तुटका राहतो. जोत्यात भोकं पाडली तर काळा दगड ते जवळपास पीतच नाही. पाणी मात्र दगडांमधल्या दरजांतून चढत राहतं.

वॉटरप्रूफ गिलावा त्याहून वाईट. भिंतीत खालून जेवढं पाणी चढतं तेवढं बाहेर उडून गेलं की ओल एका उंचीवर थांबते. आधी ती अडीच फुटांवर थांबत होती, कारण चुना ते पाणी सोडत होता. सिमेंट आणि प्लास्टिक पेंटने ती वाट बंद केली, टाइलखालच्या काँक्रीटने जमिनीतून उडणारं पाणीही भिंतीकडे ढकललं. पाणी उघडी जागा सापडेपर्यंत वर गेलं. नवा गिलावा पाच फुटांपर्यंत केलात तर काही वर्षांत लोणा सात फुटांवर दिसेल, आणि तिथे कडीपाटाच्या कड्यांची टोकं भिंतीत बसलेली आहेत.

भिंतीचा भुगा नुसत्या पाण्याने होत नाही, क्षारांनी होतो. पाणी पृष्ठभागाच्या आत उडून गेलं की क्षार तिथेच स्फटिक होतात आणि वीट फोडतात. सोडियम सल्फेट सगळ्यात घातक: कोरडं असताना एक रूप, दमट हवेत पाणी धरून दुसरं रूप, आणि त्या बदलात आकारमान सुमारे तिप्पट होतं. सिमेंटमधून असे सल्फेट भिंतीला मिळतात, मोरीच्या आणि गटाराच्या पाण्यातून नायट्रेट येतात. मिठासारखे क्लोराइड हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढतात, कॅल्शियम नायट्रेटसारखे काही क्षार त्याहून कमी आर्द्रतेला. म्हणून पावसाळ्यात भिंत ओली दिसली म्हणजे तेवढं पाणी जमिनीतूनच आलं असं नाही.

आधी मोजमाप करा. पिनवाला मीटर इथे फसवतो, क्षारांमुळे तो सगळीकडे 'ओलं' दाखवतो. १० मिमीच्या बिटने, ड्रिल सावकाश चालवून (बिट तापलं तर नमुना वाळतो), ५ ते १० सेंमी खोलीवरचा भुगा काढा. उंची २०, ६०, १२० आणि १८० सेंमी. भुगा लगेच झाकणाच्या डबीत भरून ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर तोला, ६० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, परत तोला. १०५ अंशांवर नको, भुग्यात जिप्सम असेल तर त्याच्या स्फटिकातलं पाणीही उडतं आणि आकडा फुगतो. वाळलेला १० ग्रॅम भुगा १०० मिली आरओच्या पाण्यात ढवळून, रात्रभर ठेवून, वरच्या निवळीचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) घ्या. पाण्याचा स्वतःचा टीडीएस वजा करा. निदान दोन भिंतींवर हे हवंच.

तोवर बाहेर बघा: रस्ता जोत्याच्या कितव्या थरापर्यंत चढलाय? दर डांबरीकरणात दोन-तीन इंच वाढतात आणि जुन्या गल्ल्यांत निम्मं जोतं गाडलेलं सापडतं. रस्ता खाली नेणं आपल्या हातात नसतं, पण पागोळ्या आणि पन्हळीचं पाणी भिंतीच्या पायाशी पडू न देणं असतं. आतल्या टाइलची भिंतीलगतची सहा इंचांची पट्टी काढा, खालचं काँक्रीट कापा, तिथे खडी भरून वर शहाबादी फरशी चुना-वाळूत, दरजा मोकळ्या ठेवून बसवा.

घाणीवाला

पाझर यांनी पाण्याचं सांगितलं, मी चुन्याचं सांगतो. मोजमाप होऊन गळती बंद झाल्याशिवाय यातलं काहीही सुरू करू नका.

गिलावा काढताना ब्रेकर लावायचा नाही. मातीच्या दरजा त्या हादऱ्याने सुटतात. हातोडी-छिन्नीने, मधून कडेकडे, एका वेळी तीन फुटांची उभी पट्टी. जिथे सिमेंट विटेला घट्ट धरून आहे तिथे ग्राइंडरने गिलाव्याच्या जाडीएवढ्याच चौकड्या पाडा आणि एकेक चौकडी सोडवा. तरी विटेचा थर सोबत येत असेल तर तो तुकडा राहू द्या. तुळईखाली टेकू असल्याशिवाय त्या जागेच्या दरजा उकरू नयेत.

आता चुना. कळीचा (भाजलेला, अजून न विरवलेला) चुना मिळाला तर तोच घ्या. पोत्यातली हायड्रेटेड लाइम घ्यायची असेल तर ताजी हवी. चिमूटभर पावडरीवर पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल टाका: जोरात फसफसली तर ती हवा खाऊन परत चुनखडी झालेली आहे, परत करा. कळी विरवताना लोखंडी पिंप किंवा विटांचा हौद घ्या, प्लास्टिकचा ड्रम नको, पाणी उकळतं. आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी कळी, लांब दांड्याच्या फावड्याने ढवळत. वजनाने कळीच्या अडीच-तीनपट पाणी. डोळ्यांवर गॉगल हवाच, चुन्याचा एक शिंतोडा बुबुळ जाळतो. बाजूला स्वच्छ पाण्याची बादली भरलेली ठेवा. विरल्यावर २ मिमी जाळीतून गाळा, वर दोन-तीन इंच पाणी ठेवून किमान तीन आठवडे मुरू द्या, तीन महिने मिळाले तर फार उत्तम. न मुरलेल्या चुन्यातले कण भिंतीवर गेल्यावर फुगतात आणि गिलाव्यावर शंकूसारखे खड्डे पाडतात.

सुर्खी, म्हणजे विटेची पूड, विकतची घेतली तर ती बहुतेक वेळा जास्त भाजलेल्या विटांची असते, तिचा नुसता रंग लाल. कमी भाजलेली, हलकी, नारिंगी वीट कुटून घ्या. वाड्याच्या पडलेल्या जुन्या विटा चालतील, पण खालच्या पाच फुटांतल्या नकोत, त्यांच्यासोबत क्षारही गिलाव्यात जातील. परीक्षा: १ भाग चुन्याचा लगदा, २ भाग सुर्खी, लाडू वळून ओल्या फडक्यात आठवडाभर, मग तीन दिवस पाण्यात. आकार धरून राहिला तर सुर्खी कामाची.

वाळू धुतलेली. बाटलीत अर्धी वाळू, वर पाणी आणि चिमूटभर मीठ, हलवून तीन तास ठेवा, वर बसलेला गाळ वाळूच्या उंचीच्या ६ टक्क्यांपेक्षा जास्त नको. क्रश सँडमध्ये दगडाचं पीठ फार असतं, ती धुतल्याशिवाय वापरू नका, गिलाव्याला जाळीदार तडे जातात.

प्रमाण घमेल्याने: पहिल्या थराला १ चुना, १ सुर्खी, २ जाडी वाळू. दुसऱ्याला तेच, वाळू थोडी बारीक. शेवटचा हात १ चुना, १ बारीक चाळलेली वाळू, २ ते ३ मिमी. पहिला थर १०-१२ मिमी, दुसरा ८ मिमी, मध्ये आठ-दहा दिवस. ३० फूट लांब, ५ फूट उंच भिंतीला, खड्डे आणि सांडलवंड धरून, साधारण १२० लिटर लगदा, १२० लिटर सुर्खी, २४० लिटर वाळू. एवढ्या लगद्याला ६० किलो चांगली कळी पुरते, न भाजलेले खडे निघतात म्हणून ८० किलो आणा.

मिश्रण घाणीत मळलेलं सगळ्यात चांगलं. दगडी चाक चुन्याचा कण वाळूवर चोळून बसवतं, म्हणून पाणी कमी लागतं आणि गिलावा कमी आक्रसतो. घाणी नसेल तर पॅन मिक्सर चालेल, फिरत्या पिंपाचा काँक्रीट मिक्सर नाही, त्यात नुसते गोळे होतात. कोरडं वाटलं म्हणून पाणी ओतू नका, पुन्हा मळलं की ते मऊ होतं.

गूळ, बेलफळ, हिरडा, उडीद यांबद्दल विचारणार असाल तर खालच्या पाच फुटांत काहीही घालू नका. ओल्या भिंतीत गुळाला बुरशी आणि मुंग्या येतात. वरच्या कोरड्या भिंतीत गूळ घालायचाच तर लगद्याच्या वजनाच्या १ टक्क्याच्या आत.

आरेखन

घाणीवाला यांच्या प्रमाणावर एक शंका. मुरवलेला चुना सावकाश धरतो, आणि हे घर पूररेषेजवळ आहे. दहा टक्के सिमेंट घातलं तर पहिल्याच पावसाळ्यात गिलावा वाहून जायची भीती राहणार नाही. साइटवर सर्रास करतात. किंवा सरळ हायड्रॉलिक लाइम (पाण्यातही धरणारा चुना) का घेऊ नये?

घाणीवाला

सिमेंटची चिमूट घालायची सवय आहे हे खरं, पण ती तपासून पाहिलेली आहे. इंग्लिश हेरिटेज आणि इक्रोम या वारसा जपणाऱ्या संस्था आणि बोर्नमथ विद्यापीठ यांनी १९९० च्या दशकात स्मीटन प्रकल्प केला, त्यात चुना-वाळूत थोडं सिमेंट घातलेले नमुने टिकाऊपणात कमी पडले. सिमेंट आधी धरतं आणि छिद्रं अडवतं, चुन्याला हवा मिळत नाही, आणि सिमेंट इतकं कमी असतं की ते स्वतः सांगाडा उभा करू शकत नाही. त्याच कामात कमी तापमानाला भाजलेल्या विटेची पूड मात्र फायद्याची ठरली. पाण्यात धरण्याचा गुण सुर्खीतून मिळतोच, सिमेंटमधले सल्फेट त्यासाठी कशाला भिंतीत घालायचे?

हायड्रॉलिक लाइम चालेल, पण आयएस ७१२ या भारतीय मानकाप्रमाणे वर्ग 'ब', म्हणजे मध्यम. वर्ग 'अ' या भुसभुशीत विटेला फार कडक. पोत्यावर घटक लिहिलेले नसतील तर घेऊ नका, चुना आणि सिमेंट मिसळून त्याच नावाने विकलेला माल बाजारात आहे.

चौकातली_तुळस

मोजमाप झालं. पश्चिमेची भिंत: २० सेंमीला ओल ११ टक्के, ६० ला ९, १२० ला ५, १८० ला २. टीडीएस त्याच क्रमाने १८०, ३४०, १२६०, १५०. उत्तरेचा कोपरा वेगळाच आहे: ओल ९, १३, १४, ६ आणि टीडीएस २१०, ३८०, ४६०, २९०. रस्त्याच्या बाजूला जोत्याचे वरचे दोन थरच दिसतात.

पाझर

दोन भिंती, दोन आजार.

पश्चिमेला ओल खालून वर कमी होत जाते आणि क्षार १२० सेंमीवर गोळा झालेत. जमिनीतून चढणाऱ्या ओलीची ही ठरलेली खूण: पाणी जिथे उडून जातं तिथे क्षार मागे राहतात. १२६० म्हणजे दहा ग्रॅम भुग्यात अंदाजे १२६ मिलिग्रॅम, सव्वा टक्का. त्यातला काही भाग जिप्सम असू शकतो, तो कमी घातक. पण वीट भुगा होतेय म्हणजे विरघळणारे क्षारही भरपूर आहेत.

उत्तरेचा कोपरा जमिनीतून ओला होत नाहीये. सगळ्यात जास्त पाणी १२० सेंमीला आहे, म्हणजे ते आडवं किंवा वरून येतंय. वरच्या मजल्याची मोरी, भिंतीत गाडलेला नळ, नाहीतर शेजारच्या वाड्याचा पाइप. मोरीच्या पाण्यात रंग टाकून बघा, आणि रात्री सगळे नळ बंद ठेवून मीटर सरकतो का ते पाहा. ते सापडून बंद होईपर्यंत त्या कोपऱ्यात चुना लावणं म्हणजे चुना वाया.

क्षार काढायला एरवी केओलिन (पांढरी चिकणमाती) आणि कागदाच्या लगद्याचा लेप देतात: ओला लेप २ सेंमी जाड चोपडायचा, सुकताना तो क्षार ओढून घेतो. तुमच्या भिंतीला तो देऊ नका. लेपाचं पाणी मातीच्या दरजांत मुरेल आणि दरजा खचतील. इथे बळीचा गिलावा करा: १ चुना, ४ जाडी वाळू, सुर्खी नाही, १५ मिमी, पृष्ठभाग खरबरीत. रंग नाही, पुट्टी नाही. तो मुद्दाम कच्चा आणि सच्छिद्र ठेवायचा, म्हणजे स्फटिक विटेऐवजी त्याच्यात फुटतात. भुसभुशीत झाला की खरवडून, प्लास्टिकच्या गोणीत भरून वाड्याबाहेर न्या. चौकात टाकलात तर पाऊस ते क्षार परत जमिनीत नेईल. खरवडलेल्या थराचा टीडीएस तसाच मोजा. दुसऱ्या फेरीत आकडा निम्म्याखाली आला की घाणीवाला यांचा कायमचा गिलावा.

वेळेचं म्हणाल तर या दिवाळीत सिमेंट काढा आणि भिंत आठ-दहा आठवडे उघडी ठेवा. सव्वादोन फुटांची भिंत तेवढ्यात पूर्ण वाळत नाही, पण पृष्ठभागाचा अंदाज येतो. जानेवारीत दरजा भरून बळीचा गिलावा, तो एक उन्हाळा आणि एक पावसाळा राहू दे. कायमचं काम पुढच्या नोव्हेंबरच्या आधी नाही. एका सीझनमध्ये उरकून देतो म्हणणाऱ्याला काम देऊ नका.

हस्त_तुळई

खांबांकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहितो. बुंध्याजवळची एक टाइल उचला. बहुतेक वाड्यांत सापडतं ते असं: खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, तळखडा मूळ जमिनीच्या वर चार-सहा इंच असतो, आणि नंतरच्या काँक्रीट-टाइलने तो पूर्ण बुडवलेला असतो. लाकूड त्या काँक्रीटमध्ये रुतून बसतं, बाजूने सुकायला जागाच नसते. ठेकेदाराची काँक्रीटची पेटी म्हणजे तेच पुन्हा, आणखी वरपर्यंत. तळखडा मोकळा करणं ही अर्धी दुरुस्ती आहे.

टोच्या कुठपर्यंत आत जातो ते चारही बाजूंनी खडूने आखा. निरोगी लाकूड लागल्यावर आणखी सहा इंच वर कापायचं. आधी तुळईखाली दोन्ही बाजूंना जॅक, खाली रुंद फळी, वर मऊ लाकडाचा तुकडा. जॅक फक्त भार घेण्यापुरता फिरवा. तुळई वर उचलू नका, वरच्या मजल्याचा जुना गिलावा तडकेल.

नवा तुकडा जुन्या, मुरलेल्या सागवानाचा, ओलावा १२ टक्क्यांच्या आत, नसांची दिशा खांबासारखीच. तिरका सांधा, लांबी खांबाच्या जाडीच्या तिप्पट: आठ इंची खांबाला दोन फूट. १२ मिमी स्टेनलेस स्टीलचे तीन बोल्ट, डोकी आत बुडवून वर सागाची टिकली. साधं लोखंड सागवानात ओल मिळाली की काळे डाग सोडतं आणि गंजून लाकूड फाडतं. पोकळीत एपॉक्सी ओतून मोकळं व्हायचा मोह टाळा: त्याच्या कडेने ओल अडते आणि कूज शेजारच्या लाकडात सरकते.

बोरिक आम्ल आणि बोरॅक्स १:१.५, गरम पाण्यात एकूण ५ टक्के द्रावण. नव्या तुकड्याचं खालचं टोक त्यात रात्रभर बुडवून ठेवा, जुन्या लाकडाला ब्रशने तीन हात. हे द्रव्य पाण्यात धुपतं, म्हणून पावसात भिजणाऱ्या बाहेरच्या खांबांना उपयोगी नाही, ओसरीच्या आतल्यांना चालेल. तळखडा आणि खांबामध्ये २ मिमी शिशाचा पत्रा, खांबापेक्षा चारही बाजूंनी ३ मिमी आत. बाहेर आलेल्या कडेवर पाणी साचतं आणि ते टोकातूनच लाकूड पितं.

खांबांवर जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका, जुन्या रंगांत शिसं असतं. ओलं करून खरवडा, मास्क लावा, लहान मुलांना त्या भागात येऊ देऊ नका. कॉस्टिक सोडा सागवान काळं करतो.

चौकातली_तुळस

टाइल उचलली. तळखडा साडेपाच इंच खाली आहे आणि त्यावर कमळाच्या पाकळ्या कोरलेल्या आहेत. उत्तरेच्या भिंतीत शेजारच्या बाजूने आलेला बिडाचा पाइप सापडला, सांधा फुटलेला. शेजाऱ्यांशी बोलणं झालंय. एकच राहिलं: जानेवारीत इथे रात्री फार गारठतात, चुन्याला चालेल?

घाणीवाला

गावात सहसा चालतं, निफाडकडे पारा ५ च्या खाली जातो तशा रात्री असतील तर तेवढे दिवस थांबा. ओला चुना गोठला की थर सुटतो. काम सकाळी दहा ते दुपारी तीन. संध्याकाळी भिंतीवर पाणी मारायचं नाही, ओलं गोणपाट भिंतीपासून दोन बोटं अंतरावर टांगायचं. दिवसा तीन-चार वेळा फवारा, धार नाही, दोन आठवडे. भिंत दमट हवी, चिंब नको. चिंब भिंतीत हवा शिरत नाही आणि चुना धरत नाही. केसासारखे तडे दिसले तर थर ओला असतानाच रंध्याने दाबून मिटवा, सुकल्यावर मिटत नाहीत.

कायमच्या गिलाव्यावर रंग फक्त चुन्याचा: गाळलेला लगदा दुधाएवढा पातळ, पाच हात, दोन हातांमध्ये एक दिवस, प्रत्येक वेळी भिंत आधी फवारून. हात ओला असताना जवळपास पारदर्शक दिसतो, म्हणून गवंडी जाड लावतात आणि तो पापुद्र्याने निघतो. पांढरेपणा सुकल्यावर येतो.

तळखड्याच्या पाकळ्यांवरचं सिमेंट काढायला आम्ल लावू देऊ नका. बारीक छिन्नी, आणि शेवटचा पातळ थर लाकडी खुंटीने.